बी.ए.ला विषय कोणते घ्यायचे? मुक्ता साळवे ते बाबासाहेब : एका प्रश्नाचा इतिहास

बारावीचा निकाल लागला की आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत पंधरा दिवस नुसती गर्दी असते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा फॉर्म, मोबाईलवर न येणारा ओटीपी. यंदा वस्तीतली एक मुलगी आईला घेऊन आली. आई चार घरची धुणीभांडी करते. मुलीला कला शाखेला जायचं होतं. तिच्या मामांचं म्हणणं असं की, बी.ए. म्हणजे रिकामटेकड्यांचं शिक्षण, त्यापेक्षा नर्सिंगला टाका. कॉलेजातल्या सरांनी सांगितलं होतं, "जे स्कोरिंग आहे ते घे." मुलीच्या हातात फॉर्म होता. त्यावर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव अशी खूप खोकी होती. ती म्हणाली, "ताई, इतिहास घेऊ, समाजशास्त्र घेऊ, की अर्थशास्त्र? तिन्ही आवडतात. पण सगळे म्हणतात एकच धर."

मी तिला म्हटलं, "बस. याचं उत्तर दोन वाक्यांत देता येणार नाही." त्या दिवशी जे बोलले, तेच सविस्तर इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न त्या एकट्या मुलीचा नाही. आपल्या हजारो मुलामुलींसमोर दरवर्षी हेच खोके येतं आणि त्यात काय भरायचं हे शेजारचा मुलगा, कॉलेजचा क्लार्क किंवा गाईड विकणारा दुकानदार ठरवतो. ज्या चळवळीचा नेता जगातल्या मोठ्या समाजशास्त्रज्ञांमध्ये मोजला जातो, त्या चळवळीच्या मुलांनी समाजविज्ञान असं चुकून, नाइलाजाने शिकावं, हे मला पटत नाही.

मुक्ताच्या निबंधात किती विषय होते?

सुरुवात १८५५ पासून करू. सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तेव्हा तिचं वय चौदाच्या आसपास होतं. आपण दरवर्षी तिची आठवण काढतो, पण त्या निबंधाची मांडणी नीट पाहतो का?

वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असा तिचा एक प्रश्न आहे. ही धर्माची चिकित्सा झाली. आमच्या लोकांना जमिनीवरून हुसकावून लावलं, असं ती सांगते. हा जमिनीच्या मालकीचा, म्हणजे अर्थव्यवस्थेचा मुद्दा झाला. पेशवाईत काय सोसावं लागलं ते ती लिहिते. हा राजवटीचा इतिहास झाला. आणि बाळंत होणाऱ्या आमच्या बायकांच्या डोक्यावर छप्परही नसतं, हे ती लिहिते. जात आणि स्त्री हे दोन प्रश्न एकमेकांत कसे गुंतलेले आहेत, हे आज विद्यापीठांत मोठमोठ्या शब्दांत शिकवतात. त्या मुलीने ते शाळेत असताना लिहिलं.

तिला कोणी सांगितलं नव्हतं की हा पेपर इतिहासाचा आहे, यात धर्म आणू नको. तिच्यापुढे विषय नव्हते, दुःख होतं. दुःख एका विषयात मावत नाही, म्हणून निबंधही एका विषयात मावला नाही.

जोतिरावांचंही तसंच. १८७३ च्या 'गुलामगिरी'त पुराणकथांची उलटतपासणी आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात सार्वजनिक पैशाचा हिशेब आहे : कर भरतो शेतकरी आणि त्या पैशातून शिकतात वरच्या जातींची मुलं. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जन्मापासून मरेपर्यंतच्या धर्मविधींचा खर्च, सावकाराचं कर्ज, सरकारी कामगारांची लूट आणि शिक्षणाचा अभाव हे एका साखळीसारखं येतं. शेतकरी कर्जात का बुडतो, हे त्यांनी धर्माशिवाय समजावलं नाही, आणि धर्म का टिकतो, हे पैशाशिवाय समजावलं नाही. आज त्याला 'आंतरविद्याशाखीय' असा जड शब्द आहे. आपल्याकडे तो शब्द यायच्या आधीच काम सुरू झालं होतं.

ज्याला विषयच नाकारला गेला

आता बाबासाहेबांकडे येऊ. त्यांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते. नाइलाजाने त्यांना फारसी घ्यावी लागली. फॉर्मवरचं खोकं आपल्याला निरुपद्रवी वाटतं, पण त्या काळी त्याच खोक्यावर जातीचा पहारा होता. कोणता विषय कोणाच्या हाती पडू द्यायचा नाही, हे व्यवस्थेला पक्कं माहीत होतं. संस्कृत हाती आलं असतं तर स्मृती वाचता आली असती, आणि स्मृती वाचता आली तर प्रश्न विचारता आले असते.

पण पुढे काय झालं? १९४६ साली 'शूद्र कोण होते?' हे पुस्तक आलं. त्याच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी सरळ कबूल केलं की संस्कृतवर आपलं प्रभुत्व आहे असा आपला दावा नाही. आणि त्याच दमात सांगितलं की तेवढ्यावरून या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार जात नाही, कारण हे साहित्य मी इंग्रजीतून पंधरा वर्षं अभ्यासलं आहे. दार बंद केलं तर खिडकीतून आत येऊन सगळ्या खोल्या तपासणारा हा विद्यार्थी होता. विषयाची मालकी जन्माने मिळत नाही, अभ्यासाने मिळते, हे त्यांनी त्या प्रस्तावनेत ठणकावून सांगितलं.

साठ कोर्सचा हिशेब

एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर १९१३ च्या जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती, तीन वर्षांसाठी. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी घेतलेल्या कोर्सची यादी उपलब्ध आहे. ती आपल्या प्रत्येक अभ्यासिकेच्या भिंतीवर लावावी असं मला वाटतं. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी १. एकूण ६०.

या आकड्यांकडे नीट पाहा. त्यातून दोन गोष्टी कळतात आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत.

पहिली, अर्ध्याहून जास्त, म्हणजे ३१ कोर्स अर्थशास्त्राच्या बाहेरचे आहेत. पदवी मिळवणं एवढाच हेतू असता तर इतक्यांची गरज नव्हती. दुसरी, उरलेले २९ एकाच विषयाचे आहेत. म्हणजे 'थोडं इकडचं, थोडं तिकडचं' असा हा प्रकार नव्हता. एक विषय कण्यासारखा ताठ आणि बाकीचे त्याला जोडलेल्या बरगड्यांसारखे. आपल्या तरुणांत दोन टोकं दिसतात. काहीजण एका विषयाच्या नोट्स पाठ करतात आणि बाकीचं जग बघत नाहीत. काहीजण सगळ्यावर बोलतात, पण एकाही विषयात दहा मिनिटं टिकत नाहीत. बाबासाहेबांची यादी दोघांनाही उत्तर देते.

त्यांचे शिक्षकही तसेच होते. एडविन सेलिग्मन हे सार्वजनिक वित्ताचे अभ्यासक, पण त्यांनी १९०२ साली इतिहासाच्या आर्थिक अन्वयार्थावर पुस्तक लिहिलं होतं. जेम्स हार्वे रॉबिन्सन इतिहासाचे. राजेरजवाड्यांच्या पलीकडे जाऊन इतिहासाने इतर समाजशास्त्रांची मदत घ्यावी, असं सांगणारं त्यांचं पुस्तक १९१२ साली, म्हणजे बाबासाहेब तिथे पोचायच्या आदल्या वर्षी आलं होतं. जॉन ड्यूई तत्त्वज्ञानाचे, पण त्यांचं सगळं लक्ष शाळा आणि लोकशाही यांच्यावर. फ्रँकलिन गिडिंग्ज समाजशास्त्राचे. विषयांच्या भिंती अजून पूर्ण उभ्या राहिल्या नव्हत्या, अशा काळात आणि अशा जागी आपला माणूस पोचला होता.

सहा लक्षणं आणि एक प्रश्न

याचा परिणाम काय झाला, ते माझ्या अनुभवातून सांगते. मी समाजशास्त्रात बी.ए. आणि एम.ए. केलं. जातीवरचा प्रश्न ठरलेला असायचा : 'जातीची वैशिष्ट्ये लिहा.' उत्तरही ठरलेलं. डॉ. गो. स. घुर्ये यांनी सांगितलेली सहा लक्षणं : समाजाचं खंडात्मक विभाजन, श्रेणीरचना, खाण्यापिण्यावरची आणि व्यवहारावरची बंधनं, नागरी व धार्मिक हक्क आणि अपात्रता, व्यवसायावरची बंधनं, विवाहावरची बंधनं. मी ही सहा लक्षणं इतक्या वेळा लिहिली की झोपेतही सांगेन. आणि ज्या वस्तीतून मी कॉलेजला जात होते, तिथे ही सहाच्या सहा लक्षणं रोज दिसत होती. पण ती कशी तयार झाली आणि का मोडत नाहीत, हे त्या उत्तरात कुठे नव्हतं. त्याला मार्क नव्हते.

घुर्यांवर इथे आरोप करायचा नाही. ते स्वतः संस्कृत शिकलेले आणि केंब्रिजला मानववंशशास्त्र शिकून आलेले विद्वान होते. १९३२ च्या त्यांच्या पुस्तकात पुष्कळ इतिहास आहे. दोष आहे तो त्या पुस्तकातली यादी तेवढी उचलून तिला 'समाजशास्त्र' म्हणणाऱ्या आपल्या शिक्षणपद्धतीचा.

घुर्यांच्या पुस्तकाच्या सोळा वर्षं आधी, ९ मे १९१६ रोजी, कोलंबियात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. हा निबंध माझ्या हाती विहाराच्या कपाटातून आला. वर्गात तो कोणी दिला नाही.

त्यात काय आहे? सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी जातीच्या ज्या व्याख्या केल्या, त्या ते तपासतात आणि म्हणतात की जातीचं खरं मर्म एकच आहे, जातीतल्या जातीत लग्न. मग ते हिशेबाला बसतात. एखाद्या गटाला बाहेर लग्न करायचं नसेल तर आत स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहायला हवी. पण नवरा मेला की एक स्त्री जास्तीची होते, बायको मेली की एक पुरुष जास्तीचा होतो. या जास्तीच्या माणसांचं काय करायचं? तिथून सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांचा उलगडा होतो. ज्या प्रथांना लोक धर्म म्हणून पूजत होते, त्या जातीचं दार बंद ठेवण्यासाठीच्या कड्या आहेत, असं ते दाखवून देतात.

आता मोजा, यात किती विषय आले. बहिर्विवाह-अंतर्विवाह हे मानववंशशास्त्र. स्त्री-पुरुष संख्येचा हिशेब लोकसंख्याशास्त्राचा. वरच्या गटाने दार लावलं आणि बाकीच्यांनी त्याची नक्कल केली, काहींना दार बाहेरून बंद झालेलं आढळलं, ही मांडणी करताना त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्द यांच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला. मनूने जात निर्माण केली नाही, ती त्याच्या आधीपासून होती, त्याने तिला नियमांत बांधलं, हा मुद्दा इतिहासाचा. आणि जात व स्त्रीची गुलामी ही एकाच यंत्राची दोन चाकं आहेत, हे तर त्या काळी कोणत्याच विषयात शिकवलं जात नव्हतं.

लक्षणांची यादी आपल्याला जात कशी दिसते ते सांगते. जात चालते कशी, हे कळायला अनेक विषयांची हत्यारं एका प्रश्नावर एकाच वेळी चालवावी लागतात. आणि जी गोष्ट चालते कशी ते कळत नाही, ती बंद कशी पाडणार?

शिकलेलं कुठे वापरलं?

कोणी म्हणेल, हे सगळं विद्यापीठातलं झालं, चळवळीला त्याचा काय उपयोग? तर पुढची वीस वर्षं पाहा.

१९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर लेख लिहिला. तेव्हा सगळे म्हणत होते, तुकडे एकत्र करा, शेती सुधारेल. त्यांनी दाखवलं की जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर किती भांडवल आणि किती माणसं लागली आहेत त्यावर ठरतं. शेतीवर रिकाम्या हातांचा भार आहे आणि उद्योग वाढल्याशिवाय तो हटणार नाही. त्यानंतर जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे मताधिकाराची साक्ष देताना त्यांनी ड्यूईंच्या वर्गातला विचार कामाला लावला. समाजातले गट एकमेकांत मिसळत नसतील तर नुसत्या मतदानाने लोकशाही येत नाही, हा तो विचार. तत्त्वज्ञानाचा कोर्स अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाच्या मागणीला असा भिडला.

१९२३ साली 'रुपयाचा प्रश्न' आला. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं विधेयक, १९३७ साली खोती नष्ट करण्याचं विधेयक. वतनाचा प्रश्न घ्या. तो कायद्याचा आहे की अर्थशास्त्राचा, की मानसिकतेचा? जमिनीचा तुकडा आणि बलुतं देऊन अख्ख्या जातीला गावाची वेठ करायला लावणारी ती व्यवस्था. कायदा माहीत असलेला पण समाज न कळणारा वकील तिला 'हक्क' म्हणाला असता. बाबासाहेबांना ती बेडी दिसली, कारण त्यांना तिन्ही बाजू दिसत होत्या.

तेच विषय, दोन उपयोग

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण हल्ली 'इंटरडिसिप्लिनरी' शब्द फॅशनसारखा वापरला जातो. अनेक समाजशास्त्रं एकत्र शिकवणारी पदवी ही काही क्रांतिकारक गोष्टच असते असं नाही. लंडन विद्यापीठाने १९०१ पासून अर्थशास्त्राची जी बी.एस्सी. सुरू केली, तिचं घर म्हणजे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. बाबासाहेब पुढे तिथूनच एम.एस्सी. आणि डी.एस्सी. झाले. कोलंबियाने १९१९ मध्ये, पहिल्या महायुद्धानंतर, पदवीच्या मुलांसाठी समकालीन संस्कृतीचा एक सामायिक सक्तीचा कोर्स सुरू केला. ऑक्सफर्डने १९२० मध्ये तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र करून पदवी सुरू केली. ती घेऊन कोण बाहेर पडलं? हॅरॉल्ड विल्सन, एडवर्ड हीथ, डेव्हिड कॅमेरॉन हे ब्रिटनचे पंतप्रधान.

म्हणजे राज्य करणाऱ्यांना फार पूर्वी कळलं होतं की समाज चालवायचा तर अर्थ, राजकारण आणि विचार एकत्र शिकावे लागतात. त्यांनी आपल्या मुलांसाठी तशी पदवी तयार केली. प्रश्न एवढाच की, ज्यांच्यावर राज्य केलं जातं, त्यांच्या मुलांना काय शिकवायचं? त्यांना एकेका कौशल्याचं प्रमाणपत्र द्यायचं, असं उत्तर जुन्या व्यवस्थेने दिलं आणि नवी व्यवस्थाही गोड शब्दांत तेच देते. बाबासाहेबांनी राज्यकर्त्यांचं ज्ञान खालच्या टोकाला उभं राहून वापरलं. त्यांचं वेगळेपण यात आहे.

आणि ते आपल्यापुरतं ठेवलं नाही. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं, जिथे नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग असत. १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू झालं, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळालं. भिक्खू नागसेनाला न घाबरता प्रश्नावर प्रश्न विचारणारा राजा मिलिंद. पदवीच्या विद्यार्थ्याने कसं असावं, हे त्यांनी कॉलेजच्या नावातच लिहून ठेवलं.

आजचा फॉर्म आणि त्यातली दारं

आता पुन्हा त्या मुलीच्या फॉर्मकडे येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने बहुविद्याशाखीय पदवीचा पुरस्कार केला आहे. एक मुख्य विषय, एक दुय्यम, बाहेरच्या शाखेतले काही. कागदावर वाईट नाही. पण दोन धोके आपण ओळखले पाहिजेत.

पहिला धोका असा की, 'बहुविद्याशाखीय' आणि 'आंतरविद्याशाखीय' यांत फरक आहे. चार विषय शेजारी शेजारी ठेवले की बहुविद्याशाखीय होतं. एका प्रश्नासाठी चार विषय एकमेकांशी बोलायला लागले की आंतरविद्याशाखीय होतं. कॉलेज फार तर पहिलं देईल, तेही शिक्षकांच्या जागा भरलेल्या असतील तर. दुसरं आपल्यालाच करावं लागेल.

दुसरा धोका मोठा आहे. या पदवीला अधूनमधून बाहेर पडायची दारं आहेत. एका वर्षाने सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. सांगतात की ही लवचीकता आहे, पुन्हा केव्हाही आत या. मी विचारते, पहिल्या वर्षानंतर बाहेर कोण पडेल? ज्याच्या घरात फी भरायला पैसे नाहीत तो. ज्या मुलीचं लग्न ठरलं ती. आणि वर्षभरात तिला काय मिळालं असेल? प्रत्येक विषयाची तोंडओळख. विषय एकमेकांना जोडायची वेळ येते तिसऱ्या-चौथ्या वर्षात. तिथपर्यंत जे पोचतील ते विश्लेषक होतील आणि बाकीचे प्रमाणपत्रधारक मदतनीस. श्रेणीबद्ध विषमता आणखी कशाला म्हणतात?

बाहेर पडून परत येणं किती महाग असतं, हेही बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. पुन्हा जायला १९२० उजाडलं. त्यासाठी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पगार साठवावा लागला, शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिलं. ती दारं बाबासाहेबांनी पुन्हा उघडली. पण प्रत्येक वस्तीत शाहू महाराज येत नाहीत. म्हणून बाहेर पडायची सोय नको, शेवटच्या वर्षापर्यंत आत टिकायची सोय हवी. वेळेवर शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि चारही वर्षं पुरेल असा निर्वाहभत्ता, ही आपली मागणी असली पाहिजे.

मग करायचं काय?

'बी.ए.ने नोकरी मिळत नाही' हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. चार घरची भांडी घासणाऱ्या बाईला विचारांचा उपदेश करायचा अधिकार मला नाही. पोट भरणारं कौशल्य हातात असलंच पाहिजे. पण नर्सिंग शिकणाऱ्या, कायदा शिकणाऱ्या, एमपीएससीच्या मागे लागलेल्या प्रत्येकालाही समाज वाचता यायला हवा. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात इतिहास, राज्यघटना, अर्थव्यवस्था सगळं असतं, पण सुट्या गोळ्यांसारखं. पाठ करून परीक्षा पास होता येते, आपली वस्ती समजत नाही.

मी अभ्यासिकेतल्या मुलांना एक पद्धत सांगते. एक विषय कणा म्हणून धरा आणि त्यात शेवटपर्यंत जा. अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र अवघड म्हणून सोडू नका. बाबासाहेबांच्या ६० पैकी २९ आठवा. ज्या विषयाला आपली मुलं घाबरतात, त्याच विषयात आपल्याविरुद्धचे निर्णय घेतले जातात. मग आपल्या जवळचा एकच प्रश्न निवडा आणि पदवीची सगळी वर्षं तो प्रत्येक विषयाच्या वर्गात घेऊन जा.

उदाहरणार्थ गायरान जमीन. इतिहास विचारतो, आपल्याकडे जमीन का नव्हती? मग १९५८ चा कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा वाचावा लागतो, दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये उभारलेला भूमिहीनांचा सत्याग्रह वाचावा लागतो. अर्थशास्त्र विचारतं, वर्षानुवर्षं कसूनही कुटुंब गरीब का? कारण सातबारा नावावर नाही, म्हणून बँक पीककर्ज देत नाही, नुकसानभरपाई मिळत नाही, आणि सावकार मात्र दारात उभा. राज्यशास्त्र विचारतं, ग्रामपंचायतीचे ठराव कोणाच्या हातात आहेत? समाजशास्त्र विचारतं, गायरानावरचं आपलं पीक गावाच्या डोळ्यात का खुपतं, आणि हल्ला झाला की आधी बाईवर का होतो? कायदा विचारतो, पुरावा काय? जुन्या पावत्या, पंचनामे, पीकपाणीच्या नोंदी कुठे आहेत? एक प्रश्न, पाच विषय. तीन वर्षांनी त्या मुलाच्या हातात गुणपत्रिकेबरोबर एक फाईलही असेल, आणि ती फाईल तहसील कचेरीत उपयोगी पडेल.

शहरातल्या मुलांना सफाई कामगारांची कंत्राटं आहेत, झोपडपट्टी पुनर्वसन आहे, शाळाबंदी आहे. प्रश्नांची आपल्याकडे कमतरता नाही.

त्या मुलीने शेवटी अर्थशास्त्र मेजर आणि इतिहास मायनर घेतला. समाजशास्त्र ती आमच्याकडे रविवारी वाचणार आहे. मी तिला पहिलं वाचन म्हणून 'भारतातील जाती' आणि मुक्ताचा निबंध दिला. जाताना तिची आई म्हणाली, "ताई, एवढे विषय घेऊन हिला झेपंल का?" मी म्हटलं, "काकू, तुम्ही पगार, रेशन, नवऱ्याचं आजारपण, पोरांची फी आणि मालकिणीचा मूड हे सगळं एकदम सांभाळताच ना? तेच हिला पुस्तकातून शिकायचंय."

काकू हसल्या. पण मी ते गंमतीने म्हटलं नव्हतं. आपल्या बायाबापड्यांना जगणं तुकड्यांत कधी भेटलंच नाही. तुकडे केले ते शिकवणाऱ्यांनी. ते जोडायचं काम आता आपल्या पोरांनी हाती घ्यायचं आहे. त्यासाठी पदवीची सगळी वर्षं त्यांना आत टिकवून ठेवणं ही आपली, कार्यकर्त्यांची जबाबदारी आहे. प्रवेशाची तारीख संपायच्या आत आपल्या वस्तीतल्या एका तरी मुलीच्या फॉर्मजवळ बसा.

जय भीम!